पाठीमागच्या सीटवरची मुलं

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी भंगार नाही. जिन्याखाली उभी आहे, टायर बसलेत, सीट फाटून आतला स्पंज बाहेर डोकावतोय, हे सगळं खरं. पण मी एक जुनी स्कूटर आहे, आणि जुनं व भंगार यांत फरक असतो. या इमारतीतल्या लोकांना तो कळत नाही. ते माझ्यावर ओली पायपुसणी वाळत घालतात.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही, ताज्या रंगाचा वास तेवढा लक्षात आहे. मला निळा रंग मिळाला, म्हणून दुकानाच्या काचेआड मी जरा तोऱ्यातच उभी होते. वाटायचं, एखादा हौशी तरुण येईल आणि मला मिरवत नेईल. नेलं ते खांद्याला भलीमोठी पिशवी लावलेल्या एका बाईंनी. त्यांना चालवायला शिकवलं त्यांच्या नवऱ्याने. तो मागून धावायचा आणि "ब्रेक, अगं ब्रेक!" म्हणून ओरडायचा. पहिल्याच दिवशी आम्ही कचराकुंडीची गळाभेट घेऊन आलो.

या बाई मुलांसाठी काम करायच्या. ज्यांना घरात मार बसतो, ज्यांना कोणी टाकून गेलंय, अशा मुलांना सुरक्षित जागी न्यायचं, त्यांच्या वतीने न्यायालयात बोलायचं, हे त्यांचं काम. सगळी मुलं त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही म्हणते.

अशी मुलं सहसा बोलत नाहीत. कार्यालयात टेबलापलीकडे बसवून प्रश्न विचारले की मिठाची गुळणी धरून बसतात. ताईंनी त्यावर आपली एक रीत काढली होती. त्या मुलाला माझ्या मागच्या सीटवर बसवायच्या, माझा आरसा मुद्दाम आभाळाकडे वळवायच्या आणि गावभर संथ चक्कर मारायच्या. नजरेला नजर नाही, प्रश्न नाही. मुलासमोर नुसती एक पाठ, आणि पाठीला काहीही सांगता येतं. मूल बोलू लागलं की ताई गिअर उतरवायच्या. मागचे लोक हॉर्न वाजवून थकायचे, पण यांचा वेग काही वाढायचा नाही.

मेकॅनिकला यातलं काही ठाऊक नव्हतं. दर वेळी तो आरसा सरळ करून घट्ट पिळायचा आणि कुरकुरायचा, "ताई, मागचं बघायला असतो हो आरसा. ढग बघायला नाही." ताई हसून पैसे द्यायच्या आणि पहिल्याच वळणावर आरसा पुन्हा वर करायच्या.

एकदा एक मुलगी दुपारभर गप्प होती. रेल्वे फाटक बंद लागलं म्हणून आम्ही थांबलो, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मला घरी नका सोडू." ताईंनी मागे न बघता विचारलं, "कोणाची भीती वाटते?" तिने सांगितलं. फाटक उघडल्यावर आम्ही तिच्या घराकडे वळलोच नाही. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

ताईंची लेक नुकती शाळेत जाऊ लागली होती, तेव्हा ताईंचे यजमान गेले. तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता हसता माणूस नाहीसा झाला. त्यानंतर रोज सकाळी लेकही माझ्या मागच्या सीटवर बसू लागली. पण तेव्हा आरसा सरळ असायचा. शाळेची घंटा चुकवायची नाही, कार्यालयाची वेळ चुकवायची नाही, अशी सगळी घाई. लेक गप्प बसायची. एकदा चौकात तिने "आई, बाबा..." एवढं म्हटलं, मग आरशात पाहिलं आणि म्हणाली, "काही नाही." ताईंना वाहनांच्या आवाजात ते ऐकूच आलं नाही.

"माझी पोर भारी समजूतदार आहे," ताई मैत्रिणींना सांगायच्या. "बाप गेला, पण एकदाही रडली नाही." मित्रांनो, परक्याचं मूल गप्प दिसलं की जी बाई हातातलं काम टाकून गावभर फिरायची, तिला स्वतःच्या पाठीशी बसलेलं गप्प मूल समजूतदार वाटलं! मला ते सलत होतं. ओरडून सांगायला माझ्याकडे हॉर्न होता, पण तोही ताईंच्याच अंगठ्याखाली.

लेक मोठी झाली आणि नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. ताई निवृत्त झाल्या. निरोपाच्या सभेत जो तो म्हणत होता, "ताईंनी मुक्या मुलांना बोलतं केलं." मी बाहेर उभी राहून कर्ण्यावरून ऐकत होते. टाळ्या संपता संपत नव्हत्या. लेकही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. पुढे ताईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि मी जिन्याखाली आले.

मग ताई आजारी पडल्या. इस्पितळात भरती करायला लेक आली. टॅक्सीला वेळ होता आणि ताईंना उभं राहवेना, म्हणून लेकीने त्यांना माझ्या सीटवर टेकवलं.

"बाबा गेले तेव्हा तू कधी त्यांचं नाव काढलं नाहीस," ताई एकदम म्हणाल्या. "मला वाटलं, लहान आहे, विसरली. बरंच झालं."

लेक म्हणाली, "विसरले नव्हते गं. आरशात तुझे डोळे दिसायचे, भरून आलेले. बाबांचा विषय काढला असता तर तू रडली असतीस. आणि तू गाडी चालवत होतीस. मला वाटायचं, आपण दोघी पडू."

ताईंनी तिचा हात घट्ट धरला. "अगं वेडे, मी गाडी थांबवली असती."

तेवढ्यात टॅक्सी आली. "बरी होऊन ये, मग सगळं बोलू," असं म्हणत लेकीने त्यांना सांभाळून आत बसवलं. ताई परत आल्या नाहीत.

लेक अजून अधूनमधून येते आणि माझ्याजवळ उभी राहते. काय सांगायचं राहिलं, ते तिलाच माहीत. म्हणून मित्रांनो, माझी एवढी विनंती ऐका. घरात कोणी गप्प बसलं असेल, तर त्याला शहाणं म्हणून मोकळे होऊ नका. आणि गप्प बसणारे तुम्हीच असाल, तर समोरचं माणूस रडेल या भीतीने शब्द गिळू नका. रडू दे त्याला. गाडी बाजूला घेता येते.