आशा कुटे यांचं शेवटचं पुस्तक

शोकसभेत पुंजाराम कुटे पहिल्या रांगेत बसला होता. समोर टेबलावर त्याच्या बायकोचा हार घातलेला फोटो होता आणि फोटोखाली लिहिलं होतं, ‘लोकप्रिय कादंबरीकार आशा कुटे’. जेल रोडवरच्या या शाळेत आशा दरवर्षी मुलींशी गप्पा मारायला यायची. आता त्याच मुली एकेक करून उठत होत्या, दोन वाक्यं बोलत होत्या आणि रडत खाली बसत होत्या.

आशाने आयुष्यात एकही कादंबरी लिहिली नव्हती. सातही पुस्तकं पुंजारामची होती.

तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर कामाला होता. पहिलं पुस्तक लिहून झालं आणि त्याचाच धीर सुटला. कॉलेजातल्या पोरापोरींची प्रेमं, रुसवेफुगवे, फजित्या. आणि लिहिणारा कोण, तर सायखेड्याचा दहावी शिकलेला माणूस.

“शिफ्टमधले लोक मला जगू देतील का?” तो म्हणाला.

“मग माझं नाव टाका. मला कोण विचारतंय?”

पण लोक विचारायला लागले. शाळा बोलवायला लागल्या. आशा इस्त्रीची साडी नेसून जायची, पोरींच्या भानगडी ऐकून यायची आणि घरी आल्यावर नकला करून दाखवायची. त्यातलं बरंचसं पुढच्या पुस्तकात यायचं. प्रकाशक शेखर मुंबईचा. त्याच्याशी फोनवर बोलायचं तेही तिनेच. खरं काय ते त्यालाही माहीत नव्हतं.

लिहायची त्यांची एक रीत होती. सकाळी ती भाकऱ्या थापायची आणि तो ओट्याजवळ स्टुलावर बसून आदल्या दिवशीची पानं वाचून दाखवायचा. ती हसायला लागली की तव्याकडे बघायचं विसरायची. भाकरी करपली की पान पास. भाकरी नीट उतरली की तो पान फाडायचा.

“बाकीच्या लेखकांच्या बायका पुरणपोळ्या खात असतील,” ती म्हणायची. “मी कोळसा खातेय.”

आठवं पुस्तक निम्म्यावर असताना ती आजारी पडली. मग भाकऱ्या तो करायचा आणि ती खुर्चीवर बसून ऐकायची. वेदिका आणि साई ही दोघं तीन पुस्तकं एकमेकांशी भांडत आली होती आणि या पुस्तकात त्यांचं जमायचं होतं. पुंजारामला ते जमवता येईना. त्याने साईला मामाच्या यंत्रमागावर कामाला मालेगावला पाठवलं आणि वेदिकाला रडत घरी बसवलं. त्याच्या भाकऱ्या वेड्यावाकड्या व्हायच्या, पण करपत नव्हत्या.

“अहो, पोरींना रडवायला लिहिताय का?” आशा म्हणाली. “मला सुचलाय शेवट.”

“सांग की मग.”

“नाही. आधी तुम्ही लिहा. माझ्यासारखा निघाला तर उठून भाकरी करपवीन तुमची.”

ती उठली नाही.

शोकसभेत शेवटी निकिता नावाची एक मुलगी आली. नववीतली, धीट.

“मी रडणार नाहीये,” ती माइक ओढून म्हणाली. “आशाकाकू आजारी असताना आम्ही त्यांना बघायला गेलो होतो, तेव्हा त्यांनी आम्हाला वेदिका आणि साईचा शेवट सांगितला होता. कुणाला सांगू नका म्हणाल्या होत्या. आता सांगते.”

पुंजाराम ताठ बसला.

“साई मालेगावच्या एसटीत बसलाय असं वेदिकाला कळतं. ती स्कूटी काढते, आडगाव नाक्यावर एसटी अडवते, आत चढते आणि डोळे मिटून सगळं बोलून टाकते. तू मला आवडतोस, पहिल्या दिवसापासून आवडतोस, सगळं. डोळे उघडते तर साई बसमध्ये नाहीच! त्याची बस चुकलेली असते, तो स्टँडवर उसाचा रस पीत असतो. आणि कंडक्टर रडत असतो. डोळे पुसतो आणि म्हणतो, ताई, आता तिकीट तरी काढा!”

सगळा हॉल हसला. रडून नाक लाल झालेल्या मुली हसल्या, बाईसुद्धा हसल्या. पुंजारामला हसू आलं नाही. हे असं आपल्याला सुचलं नसतं, एवढंच त्याला कळलं.

घरी येऊन तो लिहायला बसला. नाका, स्कूटी, कंडक्टर, सगळं लिहिलं. सकाळी स्टुलावर बसून ओट्याकडे तोंड करून मोठ्याने वाचलं. एसटीच्या फलकावरची सूचना वाचावी तसं ते वाटलं. पुन्हा लिहिलं. उसाच्या रसाचं वाक्य काढलं, परत घातलं. कंडक्टरला म्हातारा केला. पुन्हा वाचलं. चांगलं झालं की वाईट, तेच त्याला कळेना. पूर्वी ते त्याला कधी ठरवावंच लागलं नव्हतं. महिनाभर तो रोज वाचत होता आणि रोज फाडत होता.

मग शेखरचा फोन आला.

“काका, त्रास देतोय, माफ करा. ताईंनी आठवं पुस्तक लिहायला घेतलं होतं. घरात काही पानं सापडली का? शेवट नसला तरी चालेल. मुली विचारतायत.”

पुंजारामसमोर निम्मं पुस्तक पडलेलं होतं.

“मी लिहितो ते,” असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. मग ओट्याकडे बघितलं.

“नाही हो,” तो म्हणाला. “काहीच नाही. तिचं सगळं तिच्याबरोबर गेलं.”

“आणखी कुणी पूर्ण करू शकेल असं...”

“कुणी नाही.”

फोन ठेवून त्याने पानं गोळा केली आणि रद्दीच्या गठ्ठ्यात खाली सरकवली. तेवढ्यात शेजारच्या सिंधुबाई डबा घेऊन आल्या. आशा गेल्यापासून दुपारचा डबा त्याच द्यायच्या.

“दादा, गरम आहे तोवर खा. आणि भाकरी बघा, एक डाग नाही. आशाताईंच्या रोज करपायच्या, आमच्या घरापर्यंत वास यायचा. मी म्हणायची, बाई लेखिका आहे, तिचं कुठलं लक्ष तव्यावर!”

“हो,” पुंजाराम म्हणाला.

त्या गेल्यावर त्याने डबा उघडला. भाकरी पांढरीशुभ्र होती. त्याने ती उलटून बघितली. मागूनही तशीच होती.