उसवलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना स्वेटर आहे. मरून रंगाचा, पुढं टोकदार गळा असलेला, डाव्या कोपराला रफू केलेला. सास्तूरजवळच्या एका गावातल्या शाळेचा मी गणवेश. तिथं हिवाळ्यात प्रार्थनेला सगळे माझ्यासारखेच उभे असतात. आधीच सांगतो, माझा स्वभाव संशयी आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा मला ज्या पिशवीत कोंबलं, तिच्यावर ठळक अक्षरांत ‘शुद्ध लोकर’ असं छापलं होतं. मी कशाचा बनलोय ते मला नको का ठाऊक असायला? अक्षरांवरचा माझा विश्वास तिथंच उडाला.

मुरुम गावच्या बाजारात मला सायराबीनं घेतलं. ती घरी बसून ब्लाऊज शिवते. तिनं मला उलटसुलट केलं, शिवण ताणून पाहिली, दुकानदाराकडं एकदा रोखून बघितलं. बाई आपल्याच स्वभावाची आहे, असं मला वाटलं आणि जरा बरं वाटलं. घरी नेऊन तिनं माझ्या गळ्याच्या आत, मानेच्या बाजूला, पिवळ्या दोऱ्यानं तिच्या मुलाचं नाव भरलं. मुजम्मिल. तेव्हा तो चौथीत होता.

दोन हिवाळे मी त्याच्या अंगावर काढले. पोरगा वाईट नव्हता, पण त्याच्या खिशात काय सापडेल याचा नेम नसे. कधी गोट्या, कधी अर्धी खाल्लेली बोरं. एकदा काटेरी तारेखालून जाताना त्यानं माझं कोपर फाडलं आणि घरी सांगितलं की आपोआप फाटलं. सायराबीनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि रफू करायला बसली.

तिसऱ्या वर्षी त्याची मनगटं माझ्या बाह्यांतून हातभर बाहेर यायला लागली. त्याला नवा स्वेटर आला आणि मी ट्रंकेत गेलो. डांबरगोळ्यांच्या वासात पडल्या पडल्या मी ओळखलं की आपल्याविरुद्ध काहीतरी शिजतंय. तसंच झालं. एके दुपारी ट्रंक उघडली आणि सायराबी हातात ब्लेड घेऊन माझ्या गळ्याशी आली.

समोर तारामती बसली होती. शेतात मजुरीला जाणारी, सायराबीच्या ओळखीची. तिची मुलगी शिवांजली त्याच शाळेत चौथीत होती. थंडी पडली होती, शाळेनं स्वेटर सक्तीचा केला होता आणि शिवांजली रोज आईची ओढणी गुंडाळून जात होती.

“नाव उसवूनच देते, तारा,” सायराबी एकेक टाका कापत म्हणाली. “पोरीच्या गळ्यात दुसऱ्याचं नाव कुणी बघितलं तर पोरं चिडवतेत. मुजम्मिललाबी मी सांगत न्हाय. तू बी पोरीला काय बोलू नगंस.”

“भाभी, तुमचे लई उपकार...”

“कशाचे उपकार? ट्रंकेत कसर लागून जाणार हुता ह्यो.”

मी यातल्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. नाव पुसून कुणी कुणाला काही देतं का? नाव पुसतात ते चोरीच्या मालावरचं, एवढं तर मलाही कळतं.

तारामतीनं घरी जाऊन पोरीला सांगितलं की बाजारातून आणलाय. शिवांजलीनं मला अंगात घातलं आणि अंगणात गिरकी घेतली. मग पांढऱ्या कापडाच्या एका पट्टीवर पेनानं स्वतःच्या हातानं नाव लिहिलं. ‘शि’ची वेलांटी पट्टीबाहेर चालली होती. आईनं कामाच्या गडबडीत ती पट्टी मोठमोठे टाके घालून माझ्या गळ्याच्या आत शिवली. बरोबर जुन्या जागेवर.

त्याच दिवसांत शाळेतले स्वेटर गायब व्हायला लागले. चौथीच्या वर्गशिक्षिका निकिता मॅडम नव्यानं आलेल्या, कामाला वाघ. त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येक वस्तूवर नाव पाहिजे, आणि शनिवारी त्या स्वतः तपासणार. वर्गात जो तो शेजाऱ्याच्या दप्तराकडं डोळा ठेवून बसू लागला. मला ती हवा मानवली, खोटं कशाला बोलू?

शनिवारी मॅडम एकेकाचा गळा उलटत शिवांजलीपाशी आल्या. पट्टीचा एक टाका सुटून कोपरा लोंबत होता. त्यांनी तो उचलला आणि थबकल्या. मित्रांनो, धुण्यानं मी सगळीकडं विटलो होतो, पण जिथं पिवळा दोरा होता तेवढीच जागा मूळच्या गडद रंगाची राहिली होती. दोरा गेला तरी नाव तसंच होतं. मॅडमनी ते वाचलं.

“हा स्वेटर कुठून आणलास?”

“मुरुमच्या बाजारातनं. आईनं आणलाय.”

“मग खाली मुजम्मिल असं का लिहिलंय?”

शिवांजलीला काहीच कळेना. ती कोरं तोंड करून उभी राहिली आणि वर्गाला तेवढं पुरलं. मागून कुणीतरी “चोरटी” म्हणालं. दुसऱ्यानं आपली हरवलेली पाण्याची बाटलीही तिच्या नावावर मांडून टाकली. मॅडमनी मला तिच्या अंगातून काढायला लावलं. ती थंडीनं कुडकुडत होती की भीतीनं, कोण जाणे.

सहावीतून मुजम्मिलला बोलावलं. त्यानं माझं कोपर बघितलं आणि लगेच म्हणाला, “माझाच हाय. अम्मीनं रफू केलंय हे. ट्रंकेत ठिवला हुता.”

ट्रंकेतून! म्हणजे घरात शिरून चोरी! मॅडमनी सायराबीला फोन केला. तारामती शेतात होती, तिच्याकडं फोनही नव्हता. मी टेबलावर पडून होतो आणि मला सगळं ठाऊक होतं. सायराबीनं खरं सांगितलं तर पोर सुटेल, पण साऱ्या वर्गासमोर उतरलेल्या कपड्याची धनीण होऊन. नाही सांगितलं तर चोर ठरेल. आता ही बाई आपली मोठेपणाची गोष्ट चारचौघांत रंगवून सांगणार, अशी माझी खात्री होती.

सायराबी धापा टाकत आली. तिनं आधी शिवांजलीकडं पाहिलं, मग मला उचललं, गळा उलटला आणि ती गडद अक्षरं बघत राहिली.

“हा आमचा न्हाय,” ती म्हणाली.

“अहो, नाव दिसतंय ना!”

“तुमाला नाव दिसायलंय मॅडम, मला डाग दिसायलाय. आमचा घरी हाय.”

“अम्मी, पण हे कोपर...” मुजम्मिल म्हणाला.

सायराबीनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. पोरगा तोंड उघडंच ठेवून थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग उघड्या हातांनी स्वतःला मिठी मारून उभ्या असलेल्या त्या मुलीकडं. त्याचे कान लाल झाले. सगळा वर्ग बघत होता.

“व्हय मॅडम,” तो हळूच म्हणाला. “माझा न्हाय. माझी चूक झाली.”

“खोटारडा!” पोरं ओरडली. मॅडमनीही त्याला चांगलंच सुनावलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्या क्षणी, मित्रांनो, मला स्वतःच्या संशयी स्वभावाची पहिल्यांदा लाज वाटली.

हरवलेले स्वेटर सोमवारी शाळेच्या गाडीत सीटमागं सापडले. ऊन तापलं की मुलंच काढून टाकत होती.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मला अंगात घालून शिवांजली मुजम्मिलच्या मागं पळत गेली. मनात तिच्या काहीच नव्हतं.

“दादा, तुजी अम्मी घरी हाय म्हनली, पर तुजा स्वेटर खरंच हरवलाय का रे? मी हुडकू लागते.”

तो थांबला. तिच्या गळ्याशी सुटलेला पट्टीचा कोपरा त्यानं आत सारला.

“नगं हुडकू,” तो म्हणाला. “लहान झाला हुता मला.”

मित्रांनो, आपल्या वस्तूंवर आपलं नाव जरूर घाला, त्यांना जपा, हरवू देऊ नका. वस्तू कुणाला दिलीत, तर नावही सोडून द्या. आणि कधी कुणाच्या गळ्याशी तुमचं जुनं नाव दिसलंच, तर वाचता येत असूनही वाचू नका.