शेजारचा श्वास

नखाएवढी गाळणी, पांढरी — पांढरी कसली, एका कडेनं पिवळीधमक — सत्यभामाबाईंच्या अंगठ्यावर बसली होती, आणि तिच्यात शिरलेली हळद झटकून काही निघत नव्हती. खंडेनवमीला मसाजींनी कुऱ्हाड, विळा, लोकर कातरायची कातर ओळीनं मांडली, आणि शेवटी हे श्वासाचं यंत्रही मांडलं. बायकोचा जीव ज्याच्यावर आहे त्याची पूजा नको? बरं, हळद लावावी तर कुठं लावावी माणसानं — नेमकी हवा आत ओढायच्या भोकावर! तोंड हाय त्येचं, तिथंच लावावं लागते, म्हणाले. आज सकाळी हैदराबादच्या विमानतळावर तपासणाऱ्या जवानाच्या हातमोज्यांवर ती पिवळी पूड उमटली आणि तो गडी दोन पावलं मागं सरला. पूजेची हळद हाय, साहेब... त्यानं वास घ्यायला हात नाकाशी नेला, पण नाकावर पट्टी, पट्टीवर काच. शेवटी कुणा मोठ्या साहेबाला बोलावून, यंत्र उलटंपालटं करून त्यांनी सोडलं. दुसरी गाळणी पिशवीत होती म्हणून बरं, ती बसवली. ही जुनी मात्र टाकवेना.

खिडकीबाहेर ढग होते... म्हणजे खाली होते. गावाकडं, डोंगरकड्याच्या माळावर उताणं पडून जे आयुष्यभर पाहिले त्यांची ही पाठ. देवा रे, पाठ बी असते व्हय यांना! आणि ऊन तर असं की दुपार सरायचं नावच घेत नव्हती. निघाल्यापासून सूर्य विमानाच्या कडेकडेनं चालला होता, चरायला निघालेल्या कळपासंगं कुत्रं चालावं तसा. परदेशातल्या लेकीनं, अंजलीनं, फोनवर सांगितलं होतं, आई, बाहेर एवढ्या उंचावर श्वास घेण्याजोगी हवाच नसते, आत आहे तेवढीच. म्हणजे ही सगळी तोंडं बांधलेली माणसं, विमानवाल्यांनी दिलेले झगे घातलेली, अनोळखी, एका पत्र्याच्या आत एकच हवा वाटून घेत निघाली होती... या विचारानं सत्यभामाबाईंच्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचाच होता असं त्यांना छातीठोक सांगता आलं नसतं.

झोपेत त्यांचा घसा मिटतो. श्वास बंद पडतो. यंत्र नळीतून, नाकावरच्या मुखवट्यातून हवा दाबून आत सोडतं आणि घसा उघडा ठेवतं. याच्याशिवाय डुलकीसुद्धा घ्यायची नाही, असं नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. वारंगा फाट्यावर जीपमध्ये बसवताना मसाजींचं तेच — लावजो बरं, लाजू नको लोकायला. आता लाजायचा प्रश्नच उरला नव्हता. हवाईसुंदरीचे नुसते डोळे दिसत होते, बोलणं मात्र गोड. बॅटरी चालेल, डॉक्टरांची चिठ्ठी चालेल, पण आजी, तुमचा सोडलेला श्वास या मुखवट्याच्या भोकातून जोरात बाहेर येतो, आणि दिवस हे असे साथीचे, तेव्हा शेजारच्यांची हरकत नको. विमान भरलेलं, दुसरी जागा नाही.

शेजारी हलीमाबी. हैदराबादच्या, मुलाकडे निघालेल्या, अंगानं सत्यभामाबाईंसारख्याच भरलेल्या. बाळापूरच्या बाजारात महेबूबभाईशी बकऱ्यांचे सौदे करून करून सत्यभामाबाईंना ही बोली कळायची, त्यामुळे त्यांचं उत्तर समजलं नाही असंही म्हणायची सोय नव्हती.

"नक्को अम्मा. बुरा मत मानो. पिछले रमजान में हमारे वो गए... ये हवा से मेरेकू भोत डर लगता."

राग आला. आला तो आलाच. माझा श्वास, आन् इख? कोकरू जन्मून हललं न्हाई तर त्येच्या नाकातला चिकटा पुसून फुंकर घालते मी, गावातल्या बाया हाका मारून न्यायच्या मला, सत्यभामे, तुझ्या फुंकरीला गुण हाय म्हणून... आणि मग त्या बाईचे डोळे दिसले. पट्टीवर नुसते डोळेच उरतात, त्यामुळे चुकवताही येत नाहीत. राग तिथंच विरला. बरं, म्हणाल्या त्या, आणि यंत्र मांडीवर घेऊन बसल्या.

म्हणजे झोपायचं नाही. लेकीचे दिवस भरत आलेले, नातवंड बघायचं, तिथवर डोळे उघडे ठेवायचे, बस. चहा मागितला, दुसरा मागितला. मांडीला चिमटे काढले. पापणी जड झाली की दचकून सरळ बसायच्या — इथंच गेले तर? कोणत्या गावाला गेले म्हणायचं? खाली गाव न्हाई, शीव न्हाई, नुसता बरफाचा उजेड... तो उजेड मात्र असा होता की मरणाचा विचार मधेच सोडून त्या काचेला कपाळ लावून पाहत राहिल्या. एवढं मोठं, आणि कुणाच्याच मालकीचं दिसत नाही.

पाठीशी, शेजारच्या खुर्चीत, घरघर सुरू झाली.

हलीमाबी झोपल्या होत्या. मान मागं, पट्टी श्वासासरशी आत-बाहेर. चांगलं मोठं घोरणं. सत्यभामाबाईंना हसू आलं. माझ्यावरून पोरं चिडवतात, ही तर माझीच बहीण निघाली. घरघर चढत गेली, अडखळली, आणि थांबली. पट्टी हलेना. छाती वर यायला बघायची, पण आत काही जात नव्हतं, दार लावल्यासारखं. सत्यभामाबाईंचाही श्वास तिथंच अडकला. आता येईल. आता... येईना. मग एकदम बुडत्या माणसानं वर यावं तसा हलीमाबींच्या घशातून आवाज निघाला, सगळं अंग हादरलं, आणि परत घरघर.

हे... हे मी हाय. असं होते मला.

आपलं घोरणं आजवर कुणी ऐकलंय? त्यांनीही नाही. डॉक्टरांनी कागदावरच्या वेड्यावाकड्या रेघा दाखवल्या होत्या, त्या म्हणजे काय ते आज कळत होतं. आणि यंत्र यायच्या आधीची ती सगळी वर्षं शेजारच्या वाकळेवर मसाजी पडलेले असायचे. हे ऐकत. अंधारात. ते खांदा हलवायचे, आपण खेकसायचो — काहून उठवून राहिले? काही न्हाई, झोप तू, एवढंच ते दबक्या आवाजात म्हणायचे, काय ऐकलं ते कधी सांगितलं नाही. दिवसा मेंढरांमागं उभ्या उभ्या पेंगायचे, आणि सगळं गाव त्यांना झोपाळू म्हणायचं. बाई गं... माणूस एवढं ऐकून सकाळी उठून चहा मागतो?

घरघर पुन्हा थांबली. या खेपेला जास्तच. सत्यभामाबाईंचा हात खुर्चीच्या दांडीवरून पलीकडे गेला. खांदा झग्याच्या आत ऊन होता, जड होता. त्यांनी हलवलं. पट्टी आत ओढली गेली, फुगली. हलीमाबींनी डोळे किलकिले केले.

"क्या हुआ, अम्मा?"

"काही न्हाई. झोपा तुमी."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, हे शब्द आपले नाहीत. ते मसाजींचेच, आवाजसुद्धा तसाच दबका. हलीमाबी कुशीला वळल्या, तोंड सत्यभामाबाईंकडे करून, सोडलेला श्वास थेट त्यांच्या हातावर येईल इतक्या जवळ. हात मागं घ्यायला हवा होता. बाहेर ऊन तसंच, ढगांच्या पाठी तशाच. झोप कुठल्या कुठं गेली होती, भीतीही सापडत नव्हती. तिच्या जागी काहीतरी मोठं येऊन बसलं होतं. त्या हात तिथंच ठेवून पुढच्या श्वासाची वाट पाहू लागल्या — आला... आता पुढचा.