तांबूस रीळ

आमचे हे शिंपी. हर्नियाच्या चार ऑपरेशनांनंतर पोटात बसवलेली जाळी सडली, ती काढली, आणि पोटाला पुढची भिंतच उरली नाही. पातळ कातडीखाली आतडी हलताना दिसायची. सर्जनबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं: मांडीचा तुकडा कातडी-मांसासकट उचलायचा, पण त्याची रक्तवाहिनी तोडायची नाही. तिच्यासकट आतून वर सरकवून पोटावर बसवायचा.

"म्हणजे ठिगळ," हे म्हणाले. "कापड उभं लावणार की आडवं?"

सर्जनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

ऑपरेशन आठ तास चाललं. पुढचे पाच दिवस तुकडा कोमट आणि तांबूस राहायला हवा, जांभळा पडला तर गेला, असं सांगितलं. दुसऱ्या मांडीतली वाहिनी बाईंना पसंत नव्हती. म्हणजे बदली कापड नव्हतं.

दुकानात कापडाला दोरा जुळवायचं काम तीस वर्षं माझ्याकडे आहे. एक छटा चुकली, तर जेवताना बोलणी खावी लागतात. माझ्या पर्समध्ये चार-पाच रिळं असतातच. पहिल्याच दिवशी सवयीने एक तांबूस रीळ न टेकवता तुकड्याशेजारी धरलं. तंतोतंत जुळलं. सिस्टर हसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर तपासून गेली, सगळं ठीक होतं. मी चहा पिऊन आले, रीळ धरलं, तर जुळेना.

"सिस्टर, हा रंग तो नाही."

"काकू, उजेडाचा फरक असेल."

"मी दोरा ट्यूबलाइटखालीही बघते आणि उन्हातही बघते. बाईंना बोलवा!"

माझा आवाज इतका चढला, की शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. त्याला उठायची मनाई होती.

सर्जनबाई आल्या. त्यांनी कमरेखालची चादर बाजूला केली. जांघेवर नीट घडी घातलेला टॉवेल होता आणि टॉवेलवर पाण्याची भरलेली बाटली आडवी.

"हे कुणी ठेवलं?"

हे छताकडे बघत म्हणाले, "तिथे फुगवटा राहिला होता. शिवण बसली नव्हती. म्हटलं, जरा दाबून ठेवावी."

प्रत्येक शिवणीवर इस्त्री फिरवल्याशिवाय कपडा हातावेगळा न करणारा माणूस. त्या फुगवट्याखालूनच ती वाहिनी जात होती. बाईंनी तिच्यासाठी जागा मुद्दाम सैल सोडली होती.

बाटली उचलली. मग आम्ही तिघी नुसत्या बघत उभ्या राहिलो. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती, आणि एवढा रागही आला नव्हता. वीस मिनिटांनी बाईंनी माझ्यापुढे हात केला. "रीळ द्या." त्यांनी ते स्वतः धरून पाहिलं. जुळलं.

आता हे दुकानात दोन तास बसतात. पोटाला हात लावला, की मांडीला लावल्यासारखं वाटतं, अशी तक्रार करतात. बाटलीचा विषय काढत नाहीत.

काल एका गिऱ्हाइकाची पँट हातात घेऊन त्यांनी सगळे खण उपसले.

"अगं, ते तांबूस रीळ कुठंय? याला अगदी जुळेल."

"संपलं," मी म्हणाले.

रीळ माझ्या पर्समध्ये होतं, अख्खं. तीस वर्षांत दोऱ्याच्या बाबतीत मी यांच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलले.