मिस्टर टिबेट्सची हॅट

"पोट आत घ्या, मिस्टर टिबेट्स. दबलेल्या माणसाला पोट नसतं."

"मग बाईंना सांग, बटाट्यांत लोणी जरा कमी घाला म्हणावं," मिस्टर टिबेट्स जमिनीवरून माझ्याकडे बघत म्हणाले. ते आमच्या स्वयंपाकघरात उताणे पडले होते आणि त्यांच्या छातीवर माझं पिठाचं पोतं होतं.

माझा नवरा ऑरिन टेबलाशी बसून त्यांना कागदावर उतरवत होता. गावच्या पेपरात पहिल्या पानावर रोज त्याचं व्यंगचित्र येई. त्यात एक ठेंगणा, मिशाळ माणूस ठरलेला. डोक्यावर भोक पडलेली गोल हॅट, कोटावर अक्षरं, 'जनता'. कधी बर्फ कंपनी त्याच्या डोक्यावर बसे, कधी ट्रामचा मालक त्याच्या खिशात हात घाली, कधी अख्खी नगरपालिका त्याच्या पाठीवर ताटं मांडून जेवे. ही जनता म्हणजे आमच्या माडीवर भाड्याने राहणारे लेम्युएल टिबेट्स. दिवसभर लोकांच्या तळघरांत उतरून गॅसचे मीटर वाचायचे आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन दबायचं, असा त्यांचा शिरस्ता. "आज कोण बसलंय छातीवर?" असं न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे विचारत. ते हॅट उचलत, हसत आणि पुढच्या तळघरात उतरत.

कॉलेजात शिकलेलं बरंचसं मी विसरले आहे. पण आमची लेक विनी झाल्यापासून नजर मात्र तीक्ष्ण झाली आहे. तिचा श्वास, तिचं अंग, दुधाचा वास, सगळ्यावर माझं लक्ष. त्याच नजरेला दिसलं होतं, की मिस्टर टिबेट्स हल्ली कॉलरला खळ लावून घेतात आणि हॅटच्या दुकानावरून जाताना चाल हळू करतात. त्या दुकानाच्या मालकीण मिसेस ऑगस्टा ब्रांट. विधवा, ताठ, तोंडाने फटकळ.

"ऑरिन," पोत्याखालून आवाज आला, "एकदा मला उभं काढशील?"

"का? पाठ दुखतेय?"

"काल विचारलं मी ऑगस्टाबाईंना."

मी शेगडीकडून वळले. "लग्नाचं? काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मिस्टर टिबेट्स, तुम्ही भले आहात. पण रोज सकाळी कॉफीबरोबर तुम्ही मला कुणाच्या तरी बुटाखाली दिसता. असल्या माणसाबरोबर चर्चमध्ये कशी जाऊ? रविवारपर्यंत विचार करते, म्हणाल्या."

ऑरिन हसायला लागला आणि माझ्याकडे बघून थांबला. "अहो, तुम्ही उभे राहिलात तर लोक चिडणार कुणावर? संपादक मला हाकलेल. आणि उद्या दुधाचं चित्र आहे. वरून दुधाचा कॅन पडतोय, खाली तुम्ही. ठरलंय ते."

ते चित्र मीच त्याच्यामागे लागून ठरवलं होतं. गोठे तपासायचा नियम नगरपालिकेने पुन्हा बासनात गुंडाळला होता. मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या घरातलं बाळ खराब दुधानेच गेलं. तेव्हापासून मी दूध उकळते, उकळलेलं पुन्हा उकळते.

"राहू दे मग," मिस्टर टिबेट्स म्हणाले. "दुधाचं महत्त्वाचं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. शेगडीवरून ओघळून फळ्यांवर वाफाळत पसरलं आणि विनी रांगत नेमकी तिकडेच निघालेली. मिस्टर टिबेट्सनी पोतं भिरकावलं, विनीला उचललं आणि उठून तिला दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. त्यांच्या बुटांभोवती दूध वाहत होतं, हॅट कानावर आली होती आणि विनी वरून खिदळत होती.

"हलू नका," ऑरिन म्हणाला.

"अरे, पोर आहे हातात."

"म्हणूनच हलू नका."

सकाळी पेपर उघडला. दुधाचा पूर, त्यावर 'गलिच्छ गोठे' असं लिहिलेलं. 'नगरपालिका' नावाच्या होडीत पोटं सुटलेले सभासद डुलक्या घेत होते. मधोमध तो ठेंगणा माणूस गुडघाभर दुधात ताठ उभा, बाळाला डोक्यावर धरून. ऑरिनने माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मेलो. नाव घालायचं राहिलं."

कोटावर काहीच नव्हतं. या धंद्यात गाईच्या अंगावरही 'गाय' लिहायची पद्धत. संपादकाने त्याला फैलावर घेतलं. हा कोण माणूस, आमची जनता कुठे गेली, सोमवारी तिला नावासकट परत खाली घाल, म्हणाला.

रविवारी दुपारी दार वाजलं. मिसेस ब्रांट स्वतः. मिस्टर टिबेट्स जिन्यात थबकले, हातात टाय तसाच.

"ते चित्र पाहिलं," त्या मला म्हणाल्या. मिस्टर टिबेट्सकडे बघायचं त्या टाळत होत्या. "इतकी वर्षं मी कोटावरची अक्षरं वाचत होते, बाई. काल काही लिहिलेलंच नव्हतं. मग चेहरा पाहिला."

"मग?" जिन्यातून बारीक आवाज आला.

"मग काय. ती हॅट घालून चर्चमध्ये यायचं नाही, एवढं सांगून ठेवते."

मिस्टर टिबेट्स जिन्यातच खाली बसले. विनीला त्यांच्याकडे जायचं होतं, मी जाऊ दिलं.

गोठ्यांचा नियम व्हायला पुढचा उन्हाळा उजाडला. दूध मी अजूनही उकळतेच.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी संध्याकाळी मिस्टर टिबेट्स न बोलावता खाली आले. कोट सारखा केला, जमिनीवर उताणे झाले आणि पिठाचं पोतं स्वतःच छातीवर ओढून घेतलं.

"आज कोण?"

"कोळसा कंपनी," ऑरिन म्हणाला.

"येऊ दे."

मिसेस ब्रांट शेगडीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर ती गोल हॅट आणि हातात सुई.

"बाई, भोक राहू द्या हो," ऑरिन काकुळतीला आला. "लोक त्यावरूनच ओळखतात त्यांना."

"कोटावर काय लिहायचं ते तुम्ही लिहा. हॅट माझ्या धंद्यातली आहे." त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि हॅट खाली, मिस्टर टिबेट्सच्या डोक्याशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर गलेलठ्ठ कोळसा कंपनी आपल्या जागी बसली होती. खाली जनता, नावासकट. आणि चेपलेल्या हॅटवर एक गोल ठिगळ होतं. ऑरिनने त्याचा टाका न् टाका रेखाटला होता.