पुढचं सांगायचं नाही

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. रहस्यकथा हातात घेतली की मी आधी शेवटचं पान वाचते आणि खुनी कोण ते स्वयंपाकघरातून ओरडून सांगते. माझी नणंद बरोबर उलटी. पुढचं कुणी सांगू लागलं की कानात बोटं घालून खोलीबाहेर जायची. चाळिशीची बाई!

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना "हे स्पष्ट की ते?" विचारायचं आणि घरी जाऊन जपानी ॲनिमे मालिका बघायच्या. नुसत्या बघून सोडेल तर शपथ. दर तीन महिन्यांनी नव्या मालिकांची खेप येते, आठवड्याला एकेक भाग. ही पंधरा मालिका सुरू करायची, प्रत्येकीचे तीन भाग बघायची आणि मग पाच ठेवून बाकीच्यांना नारळ द्यायची. त्या पाचांवर दर आठवड्याला वेबसाइटवर परीक्षण. दहापैकी गुण, त्याच दिवशी, नंतर बदलायचे नाहीत. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं : 'ज्याला पुढचं ठाऊक आहे, त्याने आजच्या भागाला गुण देऊ नयेत.' मी या सगळ्याला कार्टून म्हणायचे. त्यावरून आमची बारा वर्षं जुंपायची.

मग तिला कॅन्सर निघाला आणि ती आमच्याकडे राहायला आली. औषधांनी बोटं बधिर झाली, टाइप करता येईना. ते काम माझ्यावर आलं. मी कपड्यांच्या कारखान्यात कापड कापते. एका वेळी चाळीस थर कापताना माझा हात हलत नाही, पण टाइप करते एका बोटाने. ती सांगायची, मी ठोकायचे, आणि मध्येमध्ये भांडायचे.

"सात कशाला? नायक मठ्ठ आहे नुसता."

"मठ्ठ नाही, बुजरा आहे. लिही सात."

एकदा मी तिला न विचारता खाली टाकलं : 'वहिनीचं मत – याला एक थोबाडीत द्यावी.' पुढच्या आठवड्यात वाचक विचारू लागले, वहिनी कुठे आहे? तेव्हापासून प्रत्येक परीक्षणाखाली माझी एक ओळ असायची. नणंदबाई नाक मुरडायच्या, पण ती ओळ दोनदा वाचून घ्यायच्या.

त्या सीझनला एका मालिकेने मलाही ओढलं. एका गावातली नदी आटते. एका कुंभारणीचा भाऊ पाणी शोधायला नदीच्या उगमाकडे जातो आणि ती रोज काठावर जाऊन बसते. एवढीच गोष्ट, बारा भागांची. सहाव्या भागानंतर मला धीर धरवेना. मालिका ज्या चित्रकथेवर बेतलेली होती तिचे नऊही खंड मी मिळवले आणि कारखान्यात आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत वाचून काढले.

शेवटचा खंड संपवून घरात पाऊल टाकलं तशी ती म्हणाली, "वाचलंस ना? तोंड बघ तुझं!"

"नाही गं."

"एक शब्द बोललीस तर दादाला सांगून माहेरी धाडीन तुला."

आणि त्या मालिकेच्या परीक्षणाखाली माझ्याकडूनच लिहून घेतलं : 'वहिनी बाद.'

नववा भाग झाला त्या आठवड्यात तिला तपासायला नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला आणि माझ्या नवऱ्याला बाहेर बोलावलं. दोन आठवडे, म्हणाल्या, फार तर तीन. आता उपचार थांबवू, घरीच ठेवा. नवरा भिंतीवरच्या फलकाकडे बघत राहिला. गाडीशी आल्यावर म्हणाला, "तिला कळता कामा नये. तुला माझी शपथ आहे."

मी चार दिवस तोंड शिवून राहिले. तो तिला उसन्या उत्साहाने सांगायचा, बरी झालीस की तुझ्या खोलीला नवा रंग देऊ. मी भांडी घासायला उठायचे.

पाचव्या दिवशी दहावा भाग आला. तो संपल्यावर पडद्यावर सूचना आली. काम पूर्ण न झाल्यामुळे शेवटचे दोन भाग महिन्याभराने दाखवू.

"महिना तर महिना," ती म्हणाली. "घाईघाईत उरकण्यापेक्षा बरं. लिही, आठ गुण. आणि पुढे लिही, आम्ही वाट बघू."

मी 'वाट' लिहिलं आणि माझं बोट थांबलं. दुपारची वेळ होती, नवरा कामावर होता. मला एवढंच दिसत होतं की हिला तो शेवट मिळणार नाही, आणि माझ्याजवळ तो आहे. मूर्ख बाई मी. मला वाटलं, निदान एवढं तरी देता येईल.

"ऐक ना," मी हळूच म्हटलं, "मी सांगू का तुला शेवट?"

मला वाटलं, ओरडेल, उशी फेकून मारेल. तिने एवढंच विचारलं,

"किती दिवस म्हणाले?"

"कसले दिवस?"

"वहिनी, बारा वर्षांत तू मला पन्नास शेवट सांगितलेस. चुकून सांगितलेस, भांडणात सांगितलेस, मुद्दाम सांगितलेस. सांगू का म्हणून कधी विचारलं नाहीस."

मी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. मग सांगितलं. दोन आठवडे म्हणाले होते, त्यातले चार दिवस गेले. सांगताना वाटत होतं, आपणच हिला मारतोय.

तिने भिंतीकडे तोंड केलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला. मग भिंतीकडेच बघत तिने विचारलं,

"दादाला वाटतंय, मला माहीत नाही?"

"हो."

"मग तसंच वाटू दे. तो तेवढ्यावरच उभा आहे."

"आणि शेवट?"

"तो नको. मी दहा भाग पाहिलेत, मला दहाच माहीत असू देत." मग कूस वळवून म्हणाली, "'वाट बघू' पुरं कर आणि टाक."

पुढचे दिवस त्या दोघांनी जे केलं ते मला बघवत नव्हतं. ती म्हणायची, "दादा, शेवटचे दोन भाग बघायला तूही बस हं." तो म्हणायचा, "बसतो की!" आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचा. भिंतीवरच्या रंगासाठी तिने त्याच्याकडून नमुने मागवले आणि अर्धा तास घालवून फिकट हिरवा निवडला. तो कामावर गेला की माझा हात घट्ट धरून ठेवायची. "मला फार भीती वाटते गं," म्हणायची. हे ती फक्त मला सांगू शकत होती.

अकराव्या दिवशी सकाळी ती गेली.

महिन्याभराने उरलेले दोन भाग आले. बघू या, असं नवराच म्हणाला. तिच्या खोलीत, तिच्या पलंगावर बसून आम्ही ते पाहिले. नदीला पाणी येतं, भाऊ येत नाही. मला माहीत होतं तरी मी रडले. तो तर ओक्साबोक्शी रडला. परीक्षण लिहायला मी बसले नाही. मी त्यातून बाद होते.

त्याने चष्मा काढून पुसला. खोलीला आठवड्यापूर्वीच त्याने फिकट हिरवा रंग दिला होता, त्या भिंतीकडे तो बघत होता.

"एक मात्र बरं झालं," तो म्हणाला. "तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही. तुझ्या तोंडून चुकून निघेल म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. पण तू सांभाळलंस."

"हो," मी म्हटलं. "तिला काही कळलं नाही."