उतरलेल्या सुराचा पावा

मी एक जुना पत्र्याचा पावा आहे. लोक पत्र्याचा म्हणतात, खरा मी पितळेचा. पण इतका स्वस्त की, मित्रांनो, मला हरवलं म्हणून आजवर कुणी मार खाल्लेला नाही.

माझा जन्म डब्लिनमधल्या एका छोट्या कारखान्यातला. लांबलचक पितळी नळीचे तुकडे व्हायचे, दट्ट्या खाली येऊन सहा भोकं पाडायचा आणि वर हिरवं प्लास्टिकचं तोंड डिंकाने बसायचं. तोवर मी नुसती नळी. मग फर्सी नावाच्या तपासनिसाने मला फुंकलं. माझ्या पोटात काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नाहीतून सूर निघाला. तो ऐकून छपरावरचे समुद्रपक्षी भांडण थांबवून ओळीत बसले. खोटं वाटत असेल तर त्या पक्ष्यांनाच विचारा.

फर्सीची तपासायची एक रीत होती. हातातला पावा मागच्या पाव्याशी जुळला की पास. त्या दिवशी नळी कापायच्या यंत्राचा, लांबी ठरवणारा अडसर ढिला झाला होता, आणि तो आवळायचं कुणाला सुचलं नाही. प्रत्येक नळी आधीच्या नळीहून तोंडाकडे केसभर लांब, म्हणजे सुराला केसभर खाली. शेवटी अडसर टोकाला जाऊन टेकला. तिथून पुढचे आम्ही सगळे सारखेच उतरलेले. फर्सी खूश होता, कारण जो तो शेजाऱ्याशी जुळत होता.

आमचं खोकं क्लेअर परगण्यातल्या एका खेड्याच्या शाळेत गेलं. मी असम्प्टा नावाच्या मुलीच्या वाट्याला आलो. तिने मला फुंकण्याआधी चावून पाहिलं. हिवाळाभर आम्ही एकत्र शिकलो. आमचा सूर खाली आहे हे पोरांपैकी कुणालाच कळलं नाही. पोरांबरोबर वाजवायचं म्हणून गावातल्या व्हायोलिनवाल्यांनी आपल्या तारा हसत हसत सैल केल्या.

अडली फक्त डीलिया. ही म्हातारी दोन्ही हातांत धरून छोटी सहा कोनांची, भात्याची पेटी वाजवायची. त्या गावातलं एकही लग्न तिच्या पेटीशिवाय नाचलेलं नव्हतं. पण पेटीतल्या पट्ट्या कायमच्या बसवलेल्या. त्यांचा सूर पीळ देऊन उतरत नाही. ती आमच्यात बसली तेव्हा एका पोत्यात दोन बोके कोंडल्यासारखं झालं. ती उठली. "तुम्ही वाजवा," म्हणाली, "मी आता ऐकेन." पण ती ऐकायलाही आली नाही.

तेव्हा शाळेच्या लिडी मास्तरांनी कारखान्याला फोन लावला. नव्या पाव्यांची पिशवी घेऊन फर्सी बसने आला. सगळ्या पोरांनी आपापले पावे पाठीमागे लपवले.

"मी याला शिकवलंय," असम्प्टा म्हणाली. "तुमच्या नव्याला काहीच येत नाही."

फर्सी तसाच डीलियाच्या दारी गेला. मास्तर आणि असम्प्टा मागोमाग, मी तिच्या मुठीत.

"बाई, एकेक फुंकून पास केला होता हो मी."

"कशाशी जुळवून?"

"मागच्याशी."

"आणि मागचा?"

"त्याच्या मागच्याशी."

"अरे डब्लिनकरा," डीलिया म्हणाली, "आमची गुरं अशीच चिखलात जातात."

फर्सीने टोपी काढून डोकं खाजवलं. "बाई, पेटी घेऊन शाळेत चला. मास्तर, तुम्ही किटली ठेवा."

"चहा पाजावा असं काय केलंस तू?" डीलिया म्हणाली.

"चहासाठी नाही. डिंकासाठी."

शाळेत डीलिया खुर्चीत बसली आणि तिने पेटीचा एकच सूर लांब धरला. एकेक पोर पुढे येई. हिरवं तोंड गरम पाण्यात बुडायचं, डिंक सुटायचा, आणि फर्सी ते नळीवर खाली, अगदी हळू सरकवायचा. मित्रांनो, माझी पाळी आली तेव्हा मी वाजत होतो, पेटी वाजत होती, आणि मधली हवा थरथरत होती. तोंड सरकलं. थरथर मंदावली. मग थांबली.

आणि मला माझाच आवाज ऐकू येईना. मी मेलो असं वाटलं. पण सूर तर पूर्वीपेक्षा मोठा झाला होता. तो खिडक्यांत होता, बाकांत होता, डीलियाच्या मिटलेल्या डोळ्यांत होता.

"आला," ती म्हणाली, आणि थेट नाचाची चाल धरली.

म्हणून सांगतो, मित्रांनो, उतरलेला पावा फेकू नका. पाणी तापवा. आणि तुमच्यातलं जे माणूस गप्प होऊन घरी बसलंय, सूर त्याच्याकडे मागा. जुळला की तुमचा आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही. घाबरू नका, फुंकत राहा.